स्पीकरच्या खोक्यातील ध्वनिशोषक भरण: काय भरावे, किती भरावे आणि कुठे भरावे

स्पीकरचा शंकू जितका आवाज समोर सोडतो, जवळजवळ तितकाच मागेही सोडतो. समोरचा आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचतो. मागचा खोक्यात कोंडला जातो, भिंतींवर आपटून परततो आणि शंकूच्या पातळ पडद्यातून किंवा पोर्टच्या (खोक्याला मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या नळीच्या) तोंडातून थोडा उशिरा बाहेर येतो. चांगला ड्रायव्हर (शंकू, कॉइल आणि चुंबक मिळून होणारा, आवाज काढणारा भाग) आणि नीट आखलेला क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या ड्रायव्हरमध्ये वारंवारता वाटून देणारे सर्किट) वापरूनही आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा या परतलेल्या आवाजात असते. खोक्यात लोकर, पॉलिस्टरचा तंतू किंवा फोम घालतात तो त्यासाठीच. मात्र हे साहित्य ‘हाताला लागले ते, मावेल तितके’ अशा पद्धतीने भरले, तर फायद्याइतकेच नुकसान होऊ शकते. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने स्पीकर बांधणाऱ्यांनी हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि प्रत्येक टप्प्यामागे कोणते कारण आहे, ते येथे मांडले आहे.

आधी समजून घ्यायच्या गोष्टी

ध्वनिशोषक साहित्याकडून आपण दोन वेगवेगळ्या कामांची अपेक्षा करतो, आणि तिसरे एक काम चुकून त्याच्या माथी मारले जाते.

पहिले काम म्हणजे खोक्यातील स्थिर तरंग दाबणे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर एखाद्या आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असले, की तो आवाज त्या दोन भिंतींमध्ये साचून राहतो आणि घुमू लागतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेवरही हेच घडते. तंतुमय साहित्यातून हवा पुढेमागे सरकते, तेव्हा तंतूंशी होणाऱ्या घर्षणामुळे तिच्या हालचालीतील ऊर्जेची उष्णता होते आणि घुमणे मंदावते. यातला कळीचा शब्द ‘हालचाल’ हा आहे. भिंतीला अगदी लागून दाब सर्वाधिक असतो, पण तेथील हवा भिंतीच्या दिशेने हलूच शकत नाही. ती सर्वाधिक हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी दूर, म्हणजे पहिल्या स्थिर तरंगाच्या बाबतीत दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर. भिंतीवर चिकटवलेला पातळ थर खालच्या स्थिर तरंगांवर फारसा परिणाम करत नाही याचे हेच कारण आहे. या लेखातील बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

दुसरे काम मंद्र आवाजाशी संबंधित आहे. बंद खोक्यातील हवा दाबली की तापते आणि सैलावली की थंड होते. या तापण्यामुळे ती अधिक ताठर स्प्रिंगप्रमाणे वागते. आत बारीक तंतू पसरलेले असले तर ते ही उष्णता शोषून घेतात व परत देतात, हवेचे तापमान फारसे बदलत नाही आणि तिचा ताठरपणा कमी होतो. परिणामी, ड्रायव्हरला खोके प्रत्यक्षापेक्षा मोठे असल्यासारखे जाणवते. सिद्धांताने या वाढीची कमाल मर्यादा ४० टक्के आहे, कारण हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४ आहे. प्रत्यक्षात मात्र १० ते २० टक्के वाढ मिळाली तरी ती चांगली समजावी. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एआर-१ या स्पीकरद्वारे लहान बंद खोक्यातून खोल मंद्र आवाज काढून दाखवला. त्या बांधणीत खोके ग्लासवूलने भरलेले असे.

ज्या तिसऱ्या कामाची अपेक्षा चुकीने केली जाते, ते म्हणजे खोक्याच्या भिंतींचे थरथरणे थांबवणे. मऊ कापूस किंवा फोम प्लायवूडच्या फळीचे कंपन रोखू शकत नाही. त्याचे उपाय निराळे असून ते भरणाच्या आधी करावे लागतात.

पायरी पहिली: खोक्याचा प्रकार ठरवा

बंद खोके, पोर्ट असलेले खोके, ट्रान्समिशन लाइन (शंकूमागचा आवाज लांब, शोषक भरलेल्या वाटेने नेणारे खोके) आणि केवळ सबवूफरसाठीचे खोके या चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत.

बंद खोके सैलसर पूर्ण भरता येते. पोर्टच्या खोक्यात भरण जपून वापरावे, कारण तेथे खोक्यातील हवा आणि पोर्टमधील हवा मिळून एका ठरावीक वारंवारतेवर जोराने डोलत असतात, आणि वाटेत आलेला प्रत्येक तंतू त्या डोलण्यातील ऊर्जा खातो. अशा खोक्यात भिंतींना जाड अस्तर द्यावे, मधला भाग बराचसा मोकळा ठेवावा आणि शंकूच्या मागून पोर्टच्या आतल्या तोंडापर्यंत हवेला सरळ वाट राहील याची काळजी घ्यावी. ट्रान्समिशन लाइनमध्ये तर शोषक साहित्य हा रचनेचाच अविभाज्य घटक आहे. आर्थर बेली यांनी १९६५ मध्ये या रचनेची आधुनिक मांडणी केली, तेव्हा त्यांनी लांब तंतूंची लोकर वापरली होती. अशा खोक्यात मूळ आराखड्यात सांगितलेले साहित्य आणि त्याची घनता यांत नवशिक्याने फेरबदल करू नयेत.

सबवूफरबाबत एक दिलासा आहे. आतून ४० सेंमी लांब असलेल्या खोक्यातील पहिला स्थिर तरंग सुमारे ४३० हर्ट्झवर येतो. सबवूफर १०० हर्ट्झच्या खालीच काम करत असेल, तर तो तरंग जागा होण्याचे फारसे कारणच उरत नाही. पोर्टच्या सबवूफरमध्ये म्हणून थोड्याशा अस्तराने भागते. बंद सबवूफरमध्ये भरण घालायचे ते खोके मोठे भासावे म्हणून.

पायरी दुसरी: आतली मापे घ्या आणि गणित मांडा

खोक्याची आतली उंची, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजावी. हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. या संख्येला आतल्या अंतराच्या दुपटीने भागले, की त्या दिशेतील पहिल्या स्थिर तरंगाची वारंवारता मिळते.

पुढे सर्वत्र एकच उदाहरण घेऊ. खोके आतून ६० सेंमी उंच, २२ सेंमी रुंद आणि २८ सेंमी खोल आहे, म्हणजे आतले घनफळ सुमारे ३७ लिटर. उंचीच्या दिशेने पहिला तरंग ३४३ भागिले १.२, म्हणजे सुमारे २८६ हर्ट्झवर येतो. खोलीच्या दिशेने तो सुमारे ६१३ आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ७८० हर्ट्झवर येतो. उंचीचा दुसरा तरंग ५७२ हर्ट्झवर, म्हणजे खोलीच्या पहिल्या तरंगाच्या अगदी जवळ पडतो, हेही टिपून ठेवावे. दोन तरंग असे शेजारी आले, की त्या पट्ट्यातील घुमणे अधिक ठळक होते. खोके अजून कापले नसेल तर हीच वेळ मापे थोडी बदलण्याची आहे. तिन्ही मापे एकमेकांच्या पटीत येणार नाहीत असे पाहावे. घनाकृती खोके सर्वांत वाईट, कारण त्यात तिन्ही दिशांचे तरंग एकाच जागी येऊन पडतात.

या आकड्यांचा अर्थ असा, की २८६ हर्ट्झच्या तरंगासाठी पाव तरंगलांबी ३० सेंमी आहे. २.५ सेंमी जाडीचा फोम भिंतीवर चिकटवून तो आवरता येणार नाही. सच्छिद्र साहित्य चांगले काम करू लागण्यासाठी त्याची जाडी तरंगलांबीच्या किमान दशांश तरी असावी, असा ढोबळ नियम आहे, त्यानुसार २.५ सेंमी जाडीचा थर साधारण १४०० हर्ट्झच्या वर आणि ५ सेंमीचा थर साधारण ७०० हर्ट्झच्या वर उपयोगी पडतो. खालच्या तरंगांसाठी साहित्य खोक्याच्या मधल्या भागात न्यावे लागते, याला दुसरा मार्ग नाही.

ड्रायव्हर नेमका उंचीच्या मध्यावर बसवला असेल, तर तो पहिल्या तरंगाला फारसा चेतवत नाही, कारण तेथे त्या तरंगाचा दाब शून्याजवळ असतो. दुसऱ्या तरंगाला मात्र तो पुरेपूर चेतवतो. ड्रायव्हर वरच्या टोकाजवळ असेल, आणि उंच स्पीकरमध्ये तो बहुधा तसाच असतो, तर दोन्ही तरंग जागे होतात.

पायरी तिसरी: भिंतींचा बंदोबस्त आधी करा

रिकाम्या खोक्याच्या प्रत्येक फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करावी. मध्यभागी ढोलासारखा लांबणारा आवाज येत असेल, तर तेथे आतून आडवी किंवा उभी आधारपट्टी बसवावी. पट्टी फळीच्या बरोबर मध्यावर न लावता थोडी एका बाजूला लावली, तर फळीचे दोन असमान भाग पडतात आणि त्यांचे अनुनाद एकाच वारंवारतेवर येत नाहीत. फळीचे कंपन जिरवण्यासाठी जड, चिवट थर लागतो. डांबरी शीट किंवा गाड्यांच्या दारांत लावतात ती ब्यूटाइल रबराची शीट येथे चालते. बीबीसीच्या अभियंत्यांनी पातळ बर्च प्लायवूडला आतून डांबरी थर लावण्याची पद्धत अवलंबली होती, आणि एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचे (आवाज पारखण्यासाठी वापरायच्या स्पीकरचे) नाव आजही निघते त्यामागे खोक्याचा हा विचारही आहे. ही शीट सबंध पृष्ठभागाला चिकटली पाहिजे; कडा सुटलेली शीट स्वतःच खुळखुळू लागते.

सांधे, टर्मिनलची जागा आणि ड्रायव्हरची कड येथून हवा गळत असेल तर तेही याच वेळी बंद करावे. भरण एकदा आत गेल्यावर या जागांपर्यंत हात पोहोचत नाही.

पायरी चौथी: साहित्य निवडा

एक सोपी चाचणी आधी सांगतो. साहित्याचा तुकडा तोंडासमोर धरून त्यातून फुंकर मारावी. हवा किंचित अडखळत पलीकडे गेली तर साहित्य कामाचे आहे. हवा अजिबात गेली नाही तर त्याची छिद्रे बंद आहेत आणि ते आवाज शोषणार नाही. काहीच अडथळा जाणवला नाही तर ते फार विरळ आहे. थर्मोकोल, पॅकिंगचा बंद छिद्रांचा फोम आणि हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक या चाचणीत लगेच नापास होतात. खोक्यात ठेवल्यास ते केवळ जागा अडवतात. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची कल्पना फार पसरलेली आहे, परंतु तो पातळ पुठ्ठा या वारंवारतांवर उल्लेखनीय असे काहीच शोषत नाही. तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा. ग्लासवूल किंवा खनिज लोकर मात्र तोंडाजवळ नेऊन फुंकू नये. त्यांची पारख लेबलावरील घनता पाहून करावी.

नवशिक्यासाठी माझी पहिली पसंती पॉलिस्टरच्या तंतूला आहे, उशांमध्ये भरतात त्याला. तो सहज मिळतो, अंगाला खाजत नाही, कुजत नाही, कीड लागत नाही आणि हवा तसा काढता-घालता येतो. त्याची मर्यादा अशी, की ग्लासवूलपेक्षा त्याचे तंतू जाड असतात आणि म्हणून तितक्याच वजनात तो कमी शोषण करतो. विकत आणलेल्या तंतूचे गोळे झालेले असतात. ते तसेच न भरता हाताने विंचरून, ओढून मोकळे करावेत. मूठभर गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणत गेले, की त्याचा पारदर्शक ढगासारखा फुगारा होतो, आणि आपल्याला खोक्यात भरायचा आहे तो हा फुगाराच. सपाट चादरीच्या रूपात मिळणारे पॉलिस्टर अस्तरासाठी सोयीचे असते.

लांब तंतूंची मेंढीची लोकर मध्यम वारंवारतांवर सुरेख काम करते आणि अनेक अनुभवी बांधणाऱ्यांची ती आवडती आहे. ती कसरप्रतिबंधक प्रक्रिया केलेलीच घ्यावी, नाहीतर काही वर्षांत खोक्यात कसर लागते. शिवाय ती हळूहळू खाली बसते. म्हणून उंच खोक्यात तिला जाळीवर किंवा आडव्या पट्ट्यांवर टेकू द्यावा.

ग्लासवूल आणि खनिज लोकर हे शोषणाच्या दृष्टीने सर्वांत कार्यक्षम साहित्य. परंतु त्यांचे तुटलेले तंतू त्वचा, डोळे आणि घसा यांना त्रास देतात. हाताळताना हातमोजे, मास्क आणि चष्मा वापरावा, लांब बाह्यांचे कपडे घालावेत, आणि खोक्यात बसवण्यापूर्वी त्यांना हवा जाऊ देणाऱ्या पातळ कापडात शिवून टाकावे. उघडे ग्लासवूल पोर्टच्या खोक्यात कधीही ठेवू नये. पोर्टमधून दर ठोक्याला हवा आतबाहेर होते आणि सुटे तंतू तिच्याबरोबर खोलीत येऊ शकतात. ड्रायव्हरच्या चुंबकाच्या फटीत शिरले तर कॉइल घासू लागते.

उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम अस्तरासाठी चालतो, पण काही वर्षांनी तो चिकट होतो व त्याचा भुगा पडू लागतो. मेलामाइन फोम टिकाऊ आहे आणि कमी जाडीतही चांगले शोषण करतो. नमदा किंवा फेल्टचा जाड थर ड्रायव्हरच्या अगदी मागच्या भिंतीसाठी उत्तम. साधा कापूस ओल धरतो, दबून त्याचे गठ्ठे होतात आणि तो चटकन पेट घेतो, म्हणून तो टाळावा.

पायरी पाचवी: प्रमाण ठरवा आणि वजन करा

‘दोन मुठी’ किंवा ‘अर्धे खोके’ ही मापे कामाची नाहीत, कारण तोच तंतू किती विंचरला यावर त्याचे आकारमान कित्येक पटींनी बदलते. साहित्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावे आणि प्रमाण लिटरमागे ग्रॅममध्ये ठरवावे.

बंद खोक्यात पॉलिस्टरसाठी लिटरमागे ८ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि गरज दिसल्यास १६ ग्रॅमपर्यंत जावे. आपल्या ३७ लिटरच्या खोक्यात ही मात्रा सुमारे ३०० ते ६०० ग्रॅम होते. याहून दाट भरत गेले, तर एका मर्यादेनंतर तंतूच जागा व्यापू लागतात, हवेबरोबर स्वतः हलू लागतात, आणि खोके मोठे भासण्याऐवजी पुन्हा लहान भासू लागते.

त्याचा मंद्र आवाजावर किती परिणाम होतो, हे आकड्यांत पाहू. समजा ड्रायव्हरची मोकळ्या हवेतील अनुनाद वारंवारता ३५ हर्ट्झ, एकूण क्यू (अनुनाद किती टोकदार आहे ते सांगणारी संख्या) ०.४० आणि समतुल्य घनफळ (ड्रायव्हरइतकाच लवचीकपणा ज्या घनफळाच्या हवेत असतो ते) ७४ लिटर आहे. समतुल्य घनफळाला खोक्याच्या घनफळाने भागून त्यात १ मिळवावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे; ही संख्या १.७३ येते. तिने गुणले की रिकाम्या बंद खोक्यातील अनुनाद सुमारे ६१ हर्ट्झवर आणि क्यू सुमारे ०.६९ वर जातो. भरणामुळे खोके २० टक्के मोठे भासू लागले, तर हेच गणित सुमारे ५७ हर्ट्झ आणि ०.६५ असे येते. तंतूंच्या घर्षणामुळे क्यू याहूनही किंचित खाली उतरतो. बदल लहान आहे, पण तो फुकट मिळतो. ज्याचे खोके थोडे लहान झाले आहे आणि क्यू १ च्या आसपास जाऊन मंद्र आवाज फुगीर झाला आहे, त्याला हा लहान बदल स्पष्ट ऐकू येतो.

पोर्टच्या खोक्यात लिटरमागे ग्रॅम मोजत न बसता २.५ ते ५ सेंमी जाडीच्या अस्तराने सुरुवात करावी.

पायरी सहावी: साहित्य जागेवर बसवा

सर्वांत महत्त्वाची भिंत ड्रायव्हरच्या थेट मागची. शंकूमागून निघालेला आवाज आपल्या खोक्यात साधारण दीड मिलिसेकंदात तिच्यावर आपटून परततो आणि शंकूतून बाहेर पडतो. गायकाच्या आवाजातील स्वच्छता यानेच मळते. तेथे ५ सेंमी किंवा अधिक जाडीचा थर द्यावा आणि शक्य असल्यास तो भिंतीपासून दोन-तीन सेंमी पुढे, मागे पोकळी ठेवून बसवावा. मागच्या पोकळीमुळे तोच थर खालच्या वारंवारतांवर अधिक काम करतो. त्यानंतर एक बाजूची भिंत, वरची फळी आणि तळ यांना अस्तर द्यावे. समोरासमोरच्या प्रत्येक जोडीतील किमान एक भिंत झाकली गेली पाहिजे. समोरच्या फळीला आतून अस्तर देणे सहसा गरजेचे नसते.

उंचीच्या तरंगासाठी खोक्याच्या मध्यावर एक सैल उशी आडवी ठेवावी. बंद खोक्यात हे सोपे आहे, कारण विंचरलेला तंतू सगळीकडे भरला की मध्यही आपोआप भरतो. पोर्टच्या खोक्यात मात्र ही उशी खोक्याची सगळी रुंदी-खोली अडवणारी नसावी. मागच्या भिंतीकडून पुढे आलेली, निम्मीअधिक वाट मोकळी ठेवणारी असावी. ड्रायव्हर आणि पोर्ट यांच्या मधोमध ती आणू नये. पोर्टच्या आतल्या तोंडाभोवती पोर्टच्या व्यासाइतके अंतर तरी पूर्ण रिकामे ठेवावे.

ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला काही स्पर्श करता कामा नये. अनेक ड्रायव्हरच्या चुंबकाच्या मध्यभागी हवेसाठी छिद्र असते. त्यावर तंतू बसला तर कॉइल थंड होण्यात अडथळा येतो आणि सूं-सूं असा आवाजही येऊ शकतो. सुटे तंतू शंकूवर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरमागे विरळ विणीचे कापड किंवा जाळी ताणून लावावी. क्रॉसओव्हर खोक्याच्या आत असेल, तर त्यावरील जास्त वॅटचे रेझिस्टर मोठ्या आवाजात चांगलेच तापतात. पॉलिस्टर उष्णतेने वितळते आणि पेटूही शकते, म्हणून क्रॉसओव्हरभोवती भरण मुळीच नसावे.

अस्तर चिकटवण्यासाठी फवारणीचा गोंद पुरतो, पण ड्रायव्हर बसवण्यापूर्वी त्याचा वास पूर्ण जाऊ द्यावा, कारण काही द्रावके रबराच्या कडेला आणि चिकटलेल्या जोडांना इजा करतात. पहिल्या फेरीत तर गोंद लावूच नये. स्टेपल किंवा दोऱ्याने तात्पुरते अडकवावे, म्हणजे बदल करता येतात.

पायरी सातवी: मोजून पाहा, मग ऐका

येथे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे इम्पिडन्सचा, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणाऱ्या ड्रायव्हरच्या विद्युत अडथळ्याचा आलेख. संगणकाचे साउंड कार्ड, एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यूसारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर तो काढता येतो. आधी खोके रिकामे असताना एक आलेख घ्यावा. बंद खोक्यात एक मोठे शिखर दिसते, पोर्टच्या खोक्यात दोन शिखरे आणि त्यांच्यामध्ये एक दरी. आता नजर वर, आपण गणिताने काढलेल्या वारंवारतांकडे न्यावी. आपल्या उदाहरणात २८६ हर्ट्झच्या आसपास एरवी गुळगुळीत असलेल्या रेषेला एक बारीकशी मुरड पडलेली दिसेल. तोच तो स्थिर तरंग. भिंतींना पातळ अस्तर देऊन पुन्हा आलेख काढला तर ही मुरड बहुधा जशीच्या तशी राहते, आणि मध्यावर उशी ठेवताच ती सपाट होते. साहित्य कुठे ठेवावे याबद्दल वर जे सांगितले, ते या एका रेषेत डोळ्यांनी दिसते, आणि नवशिक्याने हा प्रयोग एकदा तरी करावाच अशी माझी कळकळीची सूचना आहे.

बंद खोक्यात मोठ्या शिखराची वारंवारताही प्रत्येक फेरीत टिपावी. भरण वाढवत जाताना ती खाली येते. जेथे ती थांबते किंवा पुन्हा वर चढू लागते, तेथे भरण पुरेसे झाले असे समजून थोडे काढून घ्यावे. पोर्टच्या खोक्यात उलट दृष्टीने पाहावे: दोन शिखरांची उंची फार घटली असेल, तर साहित्य पोर्टचे काम खात आहे.

मायक्रोफोन असेल तर तो शंकूच्या मध्यापासून एक सेंमीच्या आत धरून माप घ्यावे. सहा-साडेसहा इंची ड्रायव्हरसाठी हे माप साधारण ८०० हर्ट्झपर्यंत विश्वसनीय असते, आणि आपल्याला हवे असलेले तरंग त्याच पट्ट्यात आहेत. पोर्टच्या तोंडाशीही एक माप घ्यावे. मध्यम वारंवारतांवर तेथे उंच सुळके दिसले, तर पोर्टच्या आतल्या तोंडासमोरच्या भिंतीवर अस्तर वाढवावे. १५ सेंमी लांबीच्या पोर्टमध्ये स्वतःच्या लांबीमुळे १००० हर्ट्झच्या आसपास उठणारा सुळका मात्र भरणाने पूर्ण जात नाही. त्यासाठी पोर्टची जागा किंवा लांबी बदलावी लागते.

ऐकण्यासाठी एकाच स्पीकरवर, मध्यम आवाजात, पुरुषाच्या आवाजातील निवेदन लावावे. आपण सर्वजण रोज माणसांचे बोलणे ऐकतो, त्यामुळे त्यातील खोटेपणा कानाला लगेच खटकतो. शब्द नाकातून किंवा रिकाम्या डब्यातून आल्यासारखे वाटले, तर ड्रायव्हरमागचा थर वाढवावा. पोर्टच्या स्पीकरमधील मंद्र आवाजाचा जोर गेला असेल, तर मधला भाग मोकळा करावा. एका वेळी एकच बदल करावा, आणि मूळ मांडणीशी त्याची तुलना करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवावी. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

पायरी आठवी: कायम करा आणि जोडी जुळवा

मांडणी ठरली की साहित्य बाहेर काढून तोलावे आणि दुसऱ्या खोक्यासाठी तितक्याच वजनाचे, तितकेच विंचरलेले साहित्य त्याच जागी बसवावे. डाव्या-उजव्या खोक्यांत भरण वेगळे असेल तर गायकाची मधोमध उभी राहणारी प्रतिमा विस्कटते. मग अस्तर गोंदाने कायम करावे, सैल तंतूला जाळीचा टेकू द्यावा आणि ड्रायव्हरच्या कडेला गॅस्केटची पट्टी लावून स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे आवळावेत.

बंद खोक्यात गळती तपासण्यासाठी वूफरचा शंकू कडेजवळ बोटांनी हळुवारपणे, सरळ आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर खोके हवाबंद आहे, चटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. शेवटी दोन्ही खोक्यांचे इम्पिडन्सचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. साहित्याचे नाव, वजन आणि जागा खोक्याच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी. स्पीकर लांबच्या प्रवासातून आणला असेल किंवा बरीच वर्षे उभा असेल, तर तंतू खाली बसलेला असू शकतो. अशा वेळी ड्रायव्हर काढून, त्या नोंदीशी ताडून, तो पुन्हा विंचरून जागेवर बसवावा.